पेशीच्या मरणाआधीची वीस मिनिटे

“हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने आकस्मिक निधन झाले” हे वाक्य निधनवार्तांच्या स्तंभात इतक्या वेळा छापले जाते की, वाचणाऱ्याची नजर त्यावर अडखळेनाशी झाली आहे. मृताचे नाव, गाव, वय आणि मागे राहिलेला परिवार एवढे पाहून पान उलटले जाते. त्या वाक्यातील ‘आकस्मिक’ हा शब्द घरच्यांच्या बाजूने खराच असतो. सकाळी बाजारातून मासळी घेऊन आलेला मनुष्य दुपारी नसतो, याला दुसरे काय म्हणावयाचे? तथापि ज्या ठिकाणी या मरणाचा आरंभ होतो, त्या हृदयाच्या स्नायूतील पेशीपुरते बोलावयाचे तर त्यात आकस्मिक असे फार थोडे असते. तेथे मरण क्रमाक्रमाने येते. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, प्रत्येक पायरीला लागणारा वेळही बऱ्याच अंशी मोजला गेला आहे, आणि एका विशिष्ट पायरीपर्यंत तेथून मागे फिरता येते. ती पायरी कोणती, आणि तेथपर्यंतचा अवधी आपण कसा दवडतो, याचा विचार आज येथे करावयाचा आहे.

आजार शरीरात नेमका कोठे वसतो, या प्रश्नाला माणसाने युगानुयुगे निरनिराळी उत्तरे दिली. कोणी तो दोषांच्या बिघाडात शोधला, कोणी दूषित हवेत, कोणी ग्रहदशेत. १८५८ साली बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखो याने आपली व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि प्रत्येक रोगाचे मूळ पेशीच्या बिघाडात असते, असे ठामपणे मांडले. आधुनिक विकृतिविज्ञान त्या एका विधानावर उभे आहे. पेशीचे नाव मात्र त्याच्याही पावणेदोनशेहून अधिक वर्षे आधीचे. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज संशोधकाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखी रिकामी घरटी दिसली, आणि त्याने त्यांना मठातील कोठड्यांचे नाव दिले. त्याने पाहिल्या त्या पेशी केव्हाच मेलेल्या होत्या, त्यांच्या केवळ भिंती शिल्लक होत्या. ज्या वस्तूला आपण जीवनाचे एकक मानतो, तिचे बारसे तिच्या रिकाम्या घरावरून झाले, ही गंमतच म्हणावयाची.

त्या घरात काय असते, हे कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि पेशींचा लगदा वेगाने फिरवून त्यातील घटक वजनाप्रमाणे वेगळे करण्याची युक्ती, या दोन साधनांनी हे काम केले. आल्बेर क्लोद, जॉर्ज पॅलाडे आणि क्रिस्तियाँ द द्यूव्ह या तिघांस त्याबद्दल १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. द द्यूव्ह यांची हकीकत सांगण्याजोगी आहे. उंदराच्या यकृतातील एका विकराचे प्रमाण ते मोजत होते. ताज्या लगद्यात ते अपेक्षेच्या मानाने फारच थोडे भरले. तोच लगदा शीतपेटीत पाच दिवस ठेवून पुन्हा मोजला, तर विकर कितीतरी पटींनी वाढलेले! एखाद्याने ‘प्रयोग चुकला’ म्हणून तो लगदा फेकून दिला असता. द द्यूव्ह यांनी त्यावरून ताडले की, हे विकर कोठल्या तरी पिशवीत बंद असले पाहिजे आणि दिवसांमागून दिवस गेल्यावर ती पिशवी झिरपू लागत असली पाहिजे. त्या पिशवीला पुढे १९५५ साली लायसोसोम हे नाव मिळाले. मराठीत तिला लयकारिका म्हणतात. पेशीतील जुनीपुरानी सामग्री आणि बाहेरून गिळलेला गाळ पचवून टाकणे, हे तिचे नित्याचे काम. शालेय पुस्तकांतून तिला ‘आत्मघाती पिशवी’ म्हणतात आणि पिशवी फुटली की पेशी मरते असे मुलांच्या मनावर ठसवले जाते. वस्तुतः बहुतेक प्रसंगी पिशवी फुटते ती पेशीचा निकाल लागून गेल्यानंतर. घराला आग लागण्याचे कारण आणि आगीनंतर कोसळलेले छप्पर यांत जो फरक, तोच येथेही आहे.

मग निकाल लागतो कोठे? त्यासाठी हृदयाच्या स्नायूतील एक पेशी डोळ्यांसमोर आणू. तिच्या अंतर्भागाचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या तंतुकणिकांनी व्यापलेला असतो. तंतुकणिका म्हणजे पेशीची वीजघरे. रक्तातून येणारा प्राणवायू आणि अन्नाचे जीर्ण कण यांच्यापासून एटीपी नावाचे रसायन त्या बनवितात, आणि पेशीतील सगळे व्यवहार या एकाच नाण्यावर चालतात. पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडलेल्या आणि १९७८ साली नोबेल पारितोषिकाने गौरविल्या गेलेल्या उपपत्तीप्रमाणे, ही निर्मिती अक्षरशः जलविद्युत् प्रकल्पासारखी होते: एका पातळ पटलाच्या पलीकडे विद्युत्भारित कण साठवावयाचे आणि त्यांचा लोंढा एका अरुंद दारातून सोडून चक्र फिरवावयाचे. इतके वैभव असूनही हृदयाची शिल्लक मात्र हातावर पोट असणाऱ्याची. कोणत्याही क्षणी त्याच्याकडे जे एटीपी असते ते काही सेकंदांच्या खर्चाला पुरेल इतकेच. रोज लाखभर ठोके देणाऱ्या या अवयवाला कोठार बांधण्याची सवड मिळालेली नाही.

हे नाणे खर्च होते कशावर? आकुंचनावर, हे उघडच आहे. परंतु दुसरा एक खर्च असा आहे की तो थांबला तर पेशीचे घरच बुडते, आणि तो समजून घ्यावयास गोमंतकीय वाचकाला परदेशी उदाहरणाची गरज नाही. मांडवी आणि जुवारीच्या काठांवरील आपली खाजने त्याने पाहिलेली असतात. भरतीच्या पातळीहून सखल अशी ती शेते. बाहेर खारे पाणी, आत गोडे, मध्ये मातीचा बांध, आणि बांधात भरतीला मिटणारी व ओहोटीला उघडणारी मानस. बांध धड आहे आणि मानस राखली जात आहे तोवर समुद्राच्या तोंडाशी भात पिकते. पेशीचे बाह्य पटल हा असाच बांध आहे. त्याच्या बाहेरील द्रवात मीठ, म्हणजे सोडियम, भरपूर असते आणि आत अगदी थोडे. बांध मात्र पुरता पाणबंद नाही. मीठ आत झिरपतच असते, आणि ते सतत बाहेर फेकीत राहावे लागते. या कामासाठी पटलात जागोजाग पंप बसविलेले आहेत. एका वेळी ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत, अशी त्यांची रीत. डेन्मार्कमधील येन्स स्कौ यांनी १९५७ साली हा पंप उजेडात आणला तो कुर्ल्यांच्या पायांतील मज्जातंतूंवर प्रयोग करून. १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपण ज्या कुर्लीचे तोणाक करतो, तिच्या नांगीमागे विज्ञानाची एवढी मोठी गोष्ट दडलेली होती! खाजनातील मानस भरती-ओहोटीच्या बळावर आपोआप चालते. पेशीचा पंप मात्र प्रत्येक फेरीला एटीपीचे एक नाणे मागतो. स्वस्थ पडून असलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेचा पाचवा-चौथा हिस्सा या एका पंपावर खर्च होतो. आपण झोपतो तेव्हाही बांधावर पहारा चालूच असतो.

आता हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली असे समजा. पुढील पेशींना मिळणारा प्राणवायू काही सेकंदांत संपतो. एका मिनिटाच्या आत त्या भागाचे आकुंचन थांबते. पेशी मेली म्हणून ते थांबत नाही, हे येथे नीट ध्यानात घ्यावयास हवे. ती काम सोडून जीव राखण्याच्या मागे लागलेली असते. प्राणवायूवाचून होणारी, साखर आंबवून ऊर्जा काढण्याची जुनी हलकी पद्धत ती पत्करते. त्यातून मिळकत अल्प आणि आम्लाची भर मात्र भरपूर. नाणी कमी पडू लागतात तसे पंप मंदावतात, सोडियम आत साचते आणि त्याच्यामागोमाग पाणी येते. पेशी फुगते, पटलावर फोड उमटतात, तंतुकणिका सुजतात, प्रथिने घडविणारे रायबोसोम आपल्या जागेवरून सुटे होतात, केंद्रकातील द्रव्य गोळा होऊ लागते. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य भयंकर दिसते. आणि तरीही, या अवस्थेत रक्त परत सुरू झाले तर पेशी हळूहळू पूर्ववत होते. खाजनात एका भरतीचे पाणी शिरले आणि बांध लगेच बांधला गेला तर पुढच्या पावसात जमीन धुऊन निघते, तसेच हे.

परत फिरण्याची ही मुदत किती, याचे उत्तर अमेरिकन विकृतिवैज्ञानिक रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० सालापासून कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून मिळाले. रोहिणी बांधून ठराविक वेळाने सोडावयाची आणि मागाहून स्नायू तपासावयाचा, अशी ही कष्टाची आणि प्राण्यांच्या दृष्टीने क्रूर पद्धत होती. रक्त साधारण १५ ते २० मिनिटेच अडवले तर पेशी मरत नाहीत, असे दिसून आले. त्यानंतर मात्र मरण सुरू होते, आणि तेही सगळीकडे एकदम होत नाही. हृदयाच्या आतील अस्तराजवळून ते निघते आणि लाटेसारखे बाहेरच्या अंगाकडे सरकते. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेले आकडे असे: रोहिणी ४० मिनिटे बंद ठेवून मग खुली केली तर रक्तवंचित भागापैकी सरासरी ३८ टक्के स्नायू गेला, ३ तासांनी खुली केली तर ५७ टक्के, ६ तासांनी ७१ टक्के. माणसात आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून थोडेबहुत रक्त पोचत असते, त्यामुळे ही लाट कोणात सावकाश तर कोणात झपाट्याने सरकते. परंतु तिची दिशा आणि तिची चाल हीच असते. पहिल्या तासात ती सर्वांत वेगवान असते, हे त्या आकड्यांवरूनही उघड आहे.

त्या मर्यादेपलीकडे काय घडते? येथे कॅल्शियमचा प्रवेश होतो. पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी कमी ठेवलेले असते, कारण पेशीत त्याचा अर्थ ‘कामाला लागा’ असा हुकूम होतो. पंप बंद पडल्यावर ते आत लोटते आणि एकाच वेळी सगळ्यांना हुकूम मिळतो. मेद तोडणारी विकरे पटल कुरतडू लागतात, प्रथिने तोडणारी विकरे पेशीचा सांगाडा तोडू लागतात. तंतुकणिकांच्या पटलात भोक पडते आणि मिचेल यांनी वर्णिलेला तो जलाशय रिता होतो. त्यानंतर प्राणवायू कितीही आला तरी चक्र फिरत नाही. तंतुकणिका पुन्हा कामाला लावता न येणे आणि बाह्य पटलाचा बांध कायमचा फुटणे, या दोन गोष्टींवरून वैद्यक पेशीच्या मरणाचा निर्णय करते. मग लयकारिका फुटतात. केंद्रक आकसते, त्याचे तुकडे होतात, अखेर ते विरून जाते. पेशीच्या आतील प्रथिने रक्तात सांडतात. इस्पितळात ट्रोपोनिनची तपासणी करतात ती या सांडलेल्या प्रथिनाची. ते मोजण्याइतके रक्तात यावयास दोन-तीन तास तरी लागू शकतात. यास्तव छातीत कळ आल्यावर अर्ध्या तासात केलेली तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊन घरी जाण्यात अर्थ नाही. तो निर्दोष अहवाल एवढेच सांगतो की, सांडण्यासारखे अजून फारसे काही झालेले नाही. उपचाराला याहून चांगली वेळ कोणती?

एटीपी संपल्यावर स्नायूचे काय होते, हे आपल्याकडील प्रत्येक गृहिणी मासळीबाजारात रोज पाहते. ताजा बांगडा हातावर आडवा धरला तर ताठ राहतो. स्नायूतील दोन प्रकारचे तंतू एकमेकांत गुंतले की त्यांना सोडविण्यास एटीपी लागते. ते संपल्याने तंतू गुंतलेलेच राहतात. मेलेल्या देहाचे ताठरणे म्हणजे हेच. पुढे माशाच्या स्वतःच्याच पेशींतील विकरे ते तंतू तोडू लागतात, मासा मऊ पडतो, आणि ग्राहक तो बाजूला सारतो. बर्फाने ही विकरे मंदावतात, एवढेच बर्फाचे काम. प्रत्यारोपणासाठी काढलेले मूत्रपिंड थंड द्रावणात चोवीस तास आणि त्याहूनही अधिक काळ तग धरते आणि हृदय मात्र चार ते सहा तासच, यामागेही हाच हिशेब आहे. थंडीत पेशीचा खर्च घटतो, आणि ज्याचा खर्च मुळात जास्त त्याची मुदत तरीही आखूड राहते. मेंदूचा खर्च तर हृदयाच्याही वरताण. त्याचा रक्तपुरवठा पुरता थांबला तर चार-पाच मिनिटांनंतर कायमची हानी सुरू होते. मेंदूची एखादी मोठी रोहिणी अडली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला आहे.

पेशीच्या प्रत्येक मरणाकडे आपत्ती म्हणून पाहणे मात्र चुकीचे ठरेल. १९७२ साली कर, वायली आणि करी या तीन संशोधकांनी पेशीमरणाच्या अगदी वेगळ्या प्रकाराचे वर्णन करून त्याला अपोप्टोसिस हे नाव दिले. अ‍ॅबरडीनच्या एका ग्रीकच्या प्राध्यापकाने सुचविलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ पानांचे गळणे. या मरणात फुगणे नाही, फुटणे नाही. पेशी आकसते, आपला पसारा लहान लहान गाठोड्यांत बांधते आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी निमूटपणे गिळून टाकतात. गर्भातील मुलाच्या हाताची बोटे सुटी होतात ती मधल्या पडद्यातील पेशी अशा गळून पडतात म्हणून. बदकाच्या पायात त्या गळत नाहीत. एका सूक्ष्म कृमीच्या शरीरात जन्माला येणाऱ्या १०९० पेशींपैकी नेमक्या १३१ पेशी ठरल्या वेळी मरतात, हे मोजून काढणाऱ्यांना आणि त्यामागील जनुके शोधणाऱ्यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शरीरातही रोज अब्जावधी पेशी अशा जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ज्या पेशी जावयास नकार देतात, त्यांच्यातून कर्करोग उद्भवतो. झटक्यात मरणारी हृदयपेशी या सभ्य रीतीने जाऊ शकत नाही, कारण नीट मरण्यासाठीही एटीपी लागते आणि तेच तिच्यापाशी नसते. ती फुटते, सांडते, आणि त्या सांडण्याने आसपासच्या भागाचा दाह होतो.

याउलट, जी इजा सावकाश होते तिला परत फिरण्याची मुदतही लांब असते. नित्य मद्य घेणाऱ्याच्या यकृतपेशींत मेदाचे थेंब साचतात. हीही इजाच, परंतु पेशी जिवंत असते, आणि मद्य सोडले तर बहुधा चार-सहा आठवड्यांत ती स्वच्छ होते. वर्षानुवर्षे न सोडले तर पेशींच्या जागी तंतूंची जाळी विणली जातात आणि मग यकृत पूर्वीचे होणे कठीण. मद्य जेथे स्वस्त आणि पाहुणचारात सहज मिसळलेले आहे अशा आमच्या प्रदेशात ही आठवड्यांची मुदत वर्षांनी मोजली जाते, याबद्दल अधिक न लिहिलेले बरे.

हृदयाच्या मुदतीकडे परत येऊ. रोहिणीतील गुठळी विरघळविण्याचे औषध झटक्यावर किती उपयोगी पडते, याची मोठी तपासणी इटलीत झाली आणि तिचा निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ११,७०० रुग्णांची ती पाहणी होती. ज्यांना स्ट्रेप्टोकायनेज दिले त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण एकंदरीत १८ टक्क्यांनी घटले. परंतु वेदना सुरू झाल्यापासून तासाभरात ज्यांना ते मिळाले, त्यांच्यात ही घट ४७ टक्के होती. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त घड्याळाचा. साध्या अ‍ॅस्पिरिनचीही किंमत १९८८ सालच्या १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत सिद्ध झाली. मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. आज फुगा घालून रोहिणी खुली करण्याचा उपाय सर्वांत चांगला मानला जातो. पण तो निदानापासून १२० मिनिटांत होणे शक्य नसेल तर वाट पाहत न बसता गुठळी विरघळविणारे औषध आधी द्यावे, असा आजचा वैद्यकीय दंडक आहे.

या दंडकाच्या प्रकाशात आपल्या घरांत काय घडते ते पाहावे. छातीत भार आला, डावा हात अवघडला, घाम सुटला की पहिले निदान घरीच होते: गॅस. काल रात्री जेवण जड झाले होते, सोलकढी नीट घेतली नाही, उपवासाने पित्त झाले. मग लिंबू-सोडा, ओवा, छातीला तेल, थोडे पडून राहणे. तास गेला. नंतर मुंबईच्या भाच्याला दूरध्वनी, कारण तो डॉक्टर आहे. मग ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना कधी उघडतो याची चौकशी. दुसरा तास गेला. स्त्रियांच्या बाबतीत तर याहून वाईट. त्यांचे दुखणे पुष्कळदा छातीत न उमटता दम लागणे, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात कळ असे येते, आणि घरातील सर्वांचे जेवण आटोपेपर्यंत त्या बोलत नाहीत. मधुमेह्यांना वेदनाच जाणवत नाही असेही घडते. गॅस असण्याचा संभव नसतोच असे नाही. परंतु गॅस आणि झटका यांतील भेद घरी बसून करता येत नाही, तो ईसीजीच्या पट्टीवर करावा लागतो.

आणखी एक धोका आहे, आणि तो या अवधीला अधिकच आखूड करतो. पेशी मरण्यापूर्वीच, सोडियम-पोटॅशियमचा तोल ढळलेल्या भागातून विजेचे विस्कळीत झटके उठतात आणि सगळे हृदय थरथरू लागते. पहिल्या तासातील बहुतेक मृत्यू या थरथरीने होतात. त्या क्षणी स्नायू जवळजवळ शाबूत असतो, हे ऐकून कोणालाही हळहळ वाटेल. तेथे छाती दाबून रक्त फिरते ठेवणे आणि विजेच्या झटक्याने हृदय ताळ्यावर आणणे, हेच दोन उपाय आहेत. रुग्णाने स्वतः गाडी हाकीत इस्पितळ गाठू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, असे सांगतात ते याच कारणाने. वाटेत हृदय थरथरले तर रुग्णवाहिकेत उपाय असतो, मोटारीत नसतो.

गोव्यात या बाबतीत काहीच झालेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाहेरील इस्पितळांत व आरोग्य केंद्रांत काढलेला ईसीजी तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावा, झटका ठरल्यास गुठळीवरचे औषध तेथेच द्यावे आणि रुग्णाला मग बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे, अशी योजना येथे सुरू झालेली आहे. काणकोणातून बांबोळी साठ-सत्तर किलोमीटर दूर. सत्तरी व सांगे तालुक्यांतील डोंगरकाठच्या वाड्यांतून तर आधी हमरस्त्यावर येण्यातच वेळ मोडतो. अशा लोकांसाठी ही रचना योग्य दिशेची आहे. आमची सूचना एवढीच की, योजनेचे यशापयश किती रुग्णांना औषध दिले या एका आकड्याने मोजू नये. वेदना सुरू झाल्यापासून औषध शिरेत जाईपर्यंत किती मिनिटे गेली, आणि त्यांतील किती घरी, किती रस्त्यात, किती इस्पितळाच्या दारात, हे तालुकावार दर वर्षी जाहीर व्हावे. मग दोष रस्त्याचा, रुग्णवाहिकेचा की लिंबू-सोड्याचा, हे वादविवादाविना कळेल. सिंधुदुर्ग, कारवार आणि बेळगावच्या सीमाभागातूनही रुग्ण बांबोळीस येतात. त्यांच्या मिनिटांचाही हिशेब त्यात यावा.

हा हिशेब एवढा काटेकोर का असावा, याचे उत्तर एका विलक्षण तपासणीत सापडते. १९५० आणि १९६० च्या दशकांत हवेत झालेल्या अणुस्फोटांनी वातावरणातील किरणोत्सारी कार्बनाचे प्रमाण वाढले, आणि त्या काळात जन्मलेल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात त्याची खूण उमटली. स्वीडनमधील संशोधकांनी त्या खुणेवरून माणसाच्या हृदयपेशींचे वय काढले आणि २००९ साली ते प्रसिद्ध केले. पंचविशीत दर वर्षी सुमारे एक टक्का पेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आयुष्यभरात निम्म्यादेखील बदलत नाहीत. झटक्यात गेलेल्या पेशींची जागा या गतीने भरून निघणे शक्य नसते. ती जागा सहा ते आठ आठवड्यांत पांढऱ्या, चिवट तंतूंच्या चट्ट्याने भरते. तो चट्टा हृदयाची भिंत फुटू देत नाही. तो आकुंचन पावत नाही, आणि त्याच्या वाटचे काम उरलेल्या पेशींनी रोज लाखभर वेळा करावयाचे असते.